लेव्हल ४० आली, पण माउंटपुरते गोल्ड नाही: ट्रेनिंगच्या खर्चाचे समस्या निवारण

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिक आवृत्तीत, म्हणजे जिथे कमाल लेव्हल ६० आहे त्या आवृत्तीत, लेव्हल ४० ला पहिले माउंट, म्हणजे वेगाने फिरण्यासाठी स्वारीचे जनावर किंवा वाहन, घेता येते, आणि त्यासाठी रायडिंगच्या (स्वारीच्या) ट्रेनिंगचे २० गोल्ड व खुद्द माउंटचे ८० गोल्ड असे १०० गोल्ड लागतात. हा आकडा खेळाडूला बहुधा सुरुवातीपासून ठाऊक असतो. तरीही लेव्हल ४० च्या दिवशी बॅग उघडल्यावर तिच्यात निम्मी रक्कमही नसते, आणि पुढच्या कित्येक लेव्हल्स तो पायी फिरत काढतो. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे आणि खारघर या पट्ट्यातील आम्ही जे खेळाडू एकत्र खेळतो, त्यांच्यात नवे कॅरॅक्टर सुरू झाले की ही अडचण पुन्हा समोर येते, आणि दर वेळी सल्लाही एकच दिला जातो: ट्रेनिंग कमी घ्या. हा सल्ला अर्धवट आहे. कोणते ट्रेनिंग कमी घ्यायचे, कोणते मुळीच टाळायचे नाही आणि गोल्ड खरोखर ट्रेनरकडेच जात आहे का, हे पाहिल्याशिवाय तो पाळला तर कॅरॅक्टर दुबळे होते, एकेका शत्रूला मारायला जास्त वेळ लागतो आणि कमाई उलट घटते.

पॅलडिन आणि वॉरलॉक या दोन क्लासेसना (कॅरॅक्टरच्या प्रकारांना) त्यांचे माउंट क्लासच्याच स्पेलमधून (जादूमंत्रातून) जवळजवळ फुकट मिळते, त्यामुळे ४० च्या लेव्हलला त्यांच्यावर हे संकट येत नाही. बाकी सगळ्यांसाठी पुढील तपासणी आहे.

आधी गळती शोधावी

क्लासच्या ट्रेनरकडे नवे स्पेल आणि जुन्या स्पेलच्या नव्या रँक्स, म्हणजे त्यांच्या वरच्या पायऱ्या, साधारणपणे सम लेव्हल्सना मिळतात. म्हणून प्रत्येक सम लेव्हलला तीन आकडे लिहून ठेवावेत: ट्रेनरकडे जाताना हातात असलेले गोल्ड, त्याच्याकडून निघताना उरलेले गोल्ड, आणि मागच्या भेटीनंतर दुरुस्ती, ऑक्शन हाऊस (खेळाडूंमधील लिलावाचा बाजार) व प्रवास यांवर झालेला अंदाजे खर्च. १०० कॉपरचे १ सिल्व्हर आणि १०० सिल्व्हरचे १ गोल्ड असल्यामुळे सुरुवातीच्या लेव्हल्समध्ये हे आकडे इतके लहान दिसतात की लिहिण्याचा कंटाळा येतो. पण तिशी ओलांडली की एकेका रँकची किंमत गोल्डमध्ये जाते आणि एका भेटीत अनेक रँक्स घेतल्या तर दोन लेव्हल्सची कमाई तिथेच संपते.

चार-पाच नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होते. कमाईचा मोठा हिस्सा ट्रेनरकडे जात असेल तर उपाय ट्रेनिंगच्या निवडीत आहे. ट्रेनरचा हिस्सा लहान असूनही गोल्ड साठत नसेल, तर कारण बहुधा ऑक्शन हाऊसमधून घेतलेली हिरव्या दर्जाची (साध्याहून एक पायरी वरची) शस्त्रे व चिलखते, वारंवार मरण्यामुळे होणारी दुरुस्ती, किंवा लेव्हल वाढत असतानाच चालवलेला एखादा वस्तू बनवण्याचा व्यवसाय यांपैकी एक असते. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूने ट्रेनिंग तोडून काहीही साधत नाही.

हिरवे नाव म्हणजे शिफारस नव्हे

ट्रेनरशी बोलल्यावर जी यादी उघडते, तिच्यात आत्ता शिकता येणारे स्पेल हिरव्या रंगात, अजून न मिळणारे लाल रंगात आणि आधीच शिकलेले राखाडी रंगात दिसतात. नावावर क्लिक केले की खाली वर्णन, किंमत आणि आवश्यक अटी येतात. वर्तकनगरमधील एका नव्या मेज (जादूगार क्लासच्या) खेळाडूने मला विचारले होते, "दादा, सगळं हिरवं दिसतंय, मग घेऊन टाकू ना?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण हिरवा रंग आपण सर्वत्र संमतीचा रंग म्हणून वाचतो, इथे मात्र त्याचा अर्थ एवढाच, की तुमची लेव्हल पुरेशी आहे आणि आधीची रँक तुमच्याकडे आहे. शिकलेला स्पेल परत देऊन गोल्ड मिळत नाही, म्हणून बटण दाबण्यापूर्वी वर्णन वाचणे आवश्यक आहे.

अटींची ती ओळ विशेष महत्त्वाची आहे. चौथी रँक शिकण्यासाठी तिसरी रँक अंगी असावी लागते. मधली रँक वगळून थेट पुढची घेता येत नाही. त्यामुळे एखाद्या स्पेलच्या तीन रँक्स आज सोडल्या आणि पुढे तो स्पेल हवा झाला, तर तिन्ही रँक्सचे पैसे तेव्हा मोजावेच लागतात. याला बचत म्हणता येत नाही. तो खर्च पुढे ढकललेला असतो. पुढे ढकलण्याचाही फायदा आहे, कारण लेव्हल ६० च्या खेळाडूला काही गोल्ड जड जात नाहीत आणि लेव्हल ३६ च्या खेळाडूला तेच गोल्ड फार जड जातात. परंतु ढकललेला खर्च आणि कायमचा टाळलेला खर्च यांची गल्लत केली, तर माउंटनंतर येणारे बिल पाहून धक्का बसतो. म्हणून दोन्हींची यादी वेगळी ठेवावी.

रँक वाढल्याने नेमके काय बदलते

निर्णयाची खरी जागा ही आहे, आणि इथे थोडा वेळ घालवला तर बाकीचे बरेच सोपे होते. प्रत्येक रँक काहीतरी वाढवते, पण जे वाढते ते तुम्हाला हवे आहे का, हे वर्णनात पाहावे.

फ्रॉस्टच्या मार्गाने लेव्हल वाढवणारा मेज घेऊ. फ्रॉस्टबोल्ट हा त्याचा मुख्य स्पेल आहे, म्हणून त्याची प्रत्येक रँक वेळच्या वेळी घ्यावी. त्यात उशीर केला तर प्रत्येक लढाई लांबते आणि पाणी पिऊन माना (जादूची शक्ती) भरायला बसण्याची वेळ वाढते. फ्रॉस्ट नोव्हाचे तसे नाही. त्याच्या पुढच्या रँक्समध्ये इजा वाढते, पण शत्रू गोठून राहण्याचा काळ सगळ्या रँक्सना आठ सेकंदच राहतो. एकट्याने खेळताना आपण तो स्पेल शत्रूपासून दूर सरकण्यासाठी वापरतो, इजेसाठी नव्हे. तेव्हा पहिली रँक कितीही काळ पुरते. शत्रूला मेंढी करून ठेवणाऱ्या पॉलिमॉर्फमध्ये पहिल्या रँकला २० सेकंद आणि दुसऱ्या रँकला ३० सेकंद मिळतात, आणि ते दहा सेकंद डन्जनमध्ये (गटाने खेळायच्या भागात) फार उपयोगी असतात, एकट्याने फिरताना क्वचित. फायर वॉर्ड, फ्रॉस्ट वॉर्ड, ॲम्प्लिफाय मॅजिक, डॅम्पन मॅजिक हे स्पेल माउंटपर्यंत खुशाल थांबवावेत. फायरबॉल आणि आर्केन मिसाइल्सच्या वरच्या रँक्स फ्रॉस्टच्या खेळाडूने ढकललेल्या खर्चाच्या यादीत टाकाव्यात, कारण पुढे कधी तो फायरकडे वळला तर त्या लागतील.

रोग या लपून वार करणाऱ्या क्लासमध्ये निवड शस्त्रावरून ठरते. बॅकस्टॅब आणि अँबुश खंजिराशिवाय चालतच नाहीत, म्हणून तलवार किंवा गदा घेऊन लेव्हल वाढवणाऱ्याने त्यांच्या रँक्स घेणे म्हणजे न वापरता येणारी वस्तू घेणे होय. याउलट सिनिस्टर स्ट्राइक आणि एव्हिसरेट यांत कधीही काटकसर करू नये. त्यांच्या नव्या रँकला एनर्जी (वार करण्याची शक्ती) तेवढीच लागते आणि इजा मात्र वाढते. वॉरियरच्या हीरोइक स्ट्राइकलाही हेच लागू पडते. माना वापरणाऱ्या क्लासेसमध्ये नवी रँक जास्त मानाही खाते, त्यामुळे तिथे लाभ थोडा मोजून पाहावा लागतो. रेज आणि एनर्जीवर चालणाऱ्या क्लासेसमध्ये मुख्य वाराची, म्हणजे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हल्ल्याची, नवी रँक हा निखळ लाभ असतो.

वॉरियर दोन हातांचे शस्त्र घेऊन एकटा खेळत असेल, तर रिव्हेंज आणि ढालीशी संबंधित कौशल्यांच्या रँक्स डन्जनमध्ये टँक (शत्रूचे वार स्वतःवर घेणारा) म्हणून उभे राहण्याची वेळ येईपर्यंत थांबू शकतात. प्रीस्टच्या बाबतीत सुरुवातीच्या लेव्हल्समध्ये वाँड (जादूची कांडी) हे फार मोठे साधन असते. एन्चँटरने बनवलेली वाँड ऑक्शन हाऊसवर स्वस्तात मिळते आणि तिच्या जोरावर स्माइट या हल्ल्याच्या स्पेलच्या रँक्स थांबवता येतात. हीलिंगच्या रँक्स मात्र कोणत्याही हीलरने तोडू नयेत, कारण माना वाचवण्यासाठी खालच्या रँक्स मुद्दाम वापरण्याची पद्धत क्लासिकमध्ये शेवटपर्यंत उपयोगी पडते. वॉरलॉकला माउंटची चिंता नसली तरी त्याचा एक छुपा खर्च असतो: डीमन ट्रेनरकडे मिळणारे ग्रिमॉयर, म्हणजे पाळलेल्या राक्षसांना शिकवण्याची पुस्तके. जो राक्षस आपण रोज बाहेर काढत नाही, त्याची पुस्तके घेऊ नयेत.

काही ट्रेनिंग असे असते, की त्यात उशीर करणे हेच नुकसान ठरते. हंटरचे ॲस्पेक्ट ऑफ द चीता लेव्हल २० ला मिळते आणि चालण्याचा वेग ३० टक्क्यांनी वाढवते. शामनचे घोस्ट वुल्फही लेव्हल २० चे आणि ड्रुइडचे ट्रॅव्हल फॉर्म लेव्हल ३० चे, आणि त्या दोन्हींत वेग ४० टक्क्यांनी वाढतो. पहिले माउंट ६० टक्के वेग देते हे लक्षात घेतले, तर या तीन क्लासेसनी माउंट आठ-दहा दिवस उशिरा घेतले तरी फारसे बिघडत नाही. मेजच्या कॉन्ज्युअर वॉटरची नवी रँक साधारण दर दहा लेव्हल्सनी येते आणि ती लगेच घ्यावी, कारण दुकानातून पाणी विकत घेण्याचा खर्च ती कायमचा थांबवते.

ट्रेनिंग घेतले, पण फरक जाणवत नाही

ही तक्रार वरवर वेगळी वाटते, पण गोल्ड वाया जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. नवी रँक शिकल्यावर ती स्पेलबुकात येते, मात्र ॲक्शन बारवरील जुन्या रँकचे बटण आपोआप बदलत नाही. खेळाडू पैसे मोजतो आणि पुढचे अनेक तास जुनीच रँक वापरत राहतो. तपासणी सोपी आहे: बारवरील बटणावर माउस स्थिर धरावा, जी चौकट उघडते तिच्यातील रँकचा आकडा वाचावा, आणि तो जुना असेल तर स्पेलबुकातून नवी रँक ओढून त्या जागी ठेवावी. जो मॅक्रो (बटणाला जोडलेली लिखित आज्ञा) वापरतो त्याने मॅक्रोमध्ये रँक न लिहिता फक्त स्पेलचे नाव लिहावे. मग शिकलेल्यांपैकी सर्वांत वरची रँकच चालते. ट्रेनरसमोर उभे असतानाच ही तपासणी करण्याची सवय लावावी.

सवलत आणि टॅलेंट बदलाचा खर्च

ज्या शहराच्या गटाकडे तुमची प्रतिष्ठा ऑनर्ड या पायरीला पोहोचते, त्या गटाच्या विक्रेत्यांकडे व ट्रेनरकडे १० टक्के सवलत मिळते. माउंटच्या १०० गोल्डचे ९० होतात आणि लेव्हल ६० च्या १००० गोल्डच्या माउंटचे ९०० होतात. तुमच्या वंशाच्या शहरासाठी सुरुवातीच्या प्रदेशातील क्वेस्ट (खेळात सोपवलेली कामे) पूर्ण केल्या असतील तर ही पायरी तिशीच्या आतबाहेर गाठता येते. म्हणून मोठे ट्रेनिंग ज्या शहरात ऑनर्ड आहात तिथेच घ्यावे. दुसऱ्या शहरातील ट्रेनर वाटेत लागला, एवढ्या कारणासाठी पूर्ण दराने घेऊ नये.

टॅलेंट्स (लेव्हलबरोबर मिळणाऱ्या गुणांतून निवडलेली खास कौशल्ये) पुसून पुन्हा लावण्याचा पहिला दर १ गोल्ड आहे, दुसऱ्या वेळी ५, तिसऱ्या वेळी १०, आणि त्यानंतर दर वेळी ५ गोल्डने वाढत तो ५० गोल्डपर्यंत जातो. वापर न केल्यास दर महिन्याला ५ गोल्डने उतरतो, पण १० गोल्डच्या खाली येत नाही. माउंटपूर्वी दोनदा टॅलेंट्स बदलणाऱ्याने ६ गोल्ड तर दिलेच, शिवाय नव्या मार्गातील सोडलेल्या रँक्सचे बिलही त्याच्यावर आले.

आठवड्याच्या शेवटी खेळणाऱ्यांची वेगळी अडचण

ठाणे–वाशी मार्गाच्या लोकलने रबाळे, महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयांत जाणारे आमचे अनेक मित्र सोमवार ते शुक्रवार खेळत नाहीत. त्यांच्या बाबतीत ट्रेनिंग बेताचे असूनही गोल्ड कमी पडते, आणि त्याचे कारण रेस्टेड अनुभवात, म्हणजे विश्रांतीमुळे मिळणाऱ्या आणि लेव्हल लवकर वाढवणाऱ्या जादा अनुभवात, आहे. खाणावळीत किंवा शहरात लॉग आउट केले की दर आठ तासांना लेव्हलच्या सुमारे ५ टक्के इतका रेस्टेड साठा जमतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत, आणि तो असेपर्यंत शत्रू मारण्याचा अनुभव दुप्पट मिळतो. लेव्हल झपाट्याने वाढते, पण तेवढ्या लेव्हलसाठी मारलेल्या शत्रूंची संख्या घटते. म्हणजे त्यांच्याकडून मिळणारी नाणी, कापड आणि विकाऊ वस्तूही घटतात. ट्रेनरचे दर मात्र लेव्हलप्रमाणे चढत राहतात. अशा खेळाडूने दर सम लेव्हलला ट्रेनरकडे न जाता चार लेव्हल्सनी जावे, मुख्य वार तेवढा अद्ययावत करावा आणि दोन्ही मुख्य व्यवसाय गोळा करण्याचेच घ्यावेत: स्किनिंगसोबत (कातडी काढणे) मायनिंग (धातू खणणे) किंवा हर्बलिझम (वनस्पती गोळा करणे). मायनिंग आणि हर्बलिझम एकत्र घेतल्यास नकाशावर दोन्हींचा शोध एकाच वेळी चालू ठेवता येत नाही, ही अडचण लक्षात ठेवावी.

गोळा केलेला माल विकताना वेळेचे भान ठेवावे. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही आणि आमच्यापैकी बहुतेकांची कॅरॅक्टर्स युरोपच्या सर्व्हरवर आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ११ वाजतात तेव्हा मध्य युरोपात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि हिवाळ्यात साडेसहा. म्हणजे झोपण्यापूर्वी मांडलेला माल तिथल्या ऐन गर्दीच्या वेळी बाजारात असतो, तर रविवारी सकाळी १० वाजता मांडलेला माल तिथे पहाटे पडून राहतो. माल विकला गेला नाही तर मांडणीची अनामत रक्कम परत मिळत नाही, आणि विकला गेला तर स्वतःच्या पक्षाच्या (अलायन्स किंवा होर्ड) ऑक्शन हाऊसमध्ये ५ टक्के कापले जातात. तटस्थ ऑक्शन हाऊसमध्ये हीच कपात १५ टक्के असते, म्हणून तिथे विनाकारण जाऊ नये.

दुरुस्तीबद्दल थोडेच. मेल्यावर अंगावरील वस्तूंचा टिकाऊपणा १० टक्क्यांनी घटतो, आणि देहापर्यंत चालत न जाता स्पिरिट हीलरकडून जिवंत होऊन उठलात तर अंगावरील आणि बॅगेतील वस्तूंचाही २५ टक्क्यांनी. त्यामुळे शक्य असेल तेव्हा चालत जावे. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या बाजूला वीज एकाएकी जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो, आणि संपर्क तुटला तरी लढाईत असलेले कॅरॅक्टर लगेच गायब होत नाही. शत्रू त्याला मारत राहतात. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला, तर पावसाळ्यातील दुरुस्तीचे बिल स्पष्टपणे उतरते.

लेव्हल ४० आधीच आली असेल तर

अशा वेळी बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन गोल्ड घेण्याचा मोह होतो. ते खेळाच्या नियमांविरुद्ध आहे, खाते बंद होऊ शकते, आणि यूपीआयने पाठवलेले पैसे तर परत येतच नाहीत. त्याऐवजी लेव्हल ४० आणि ४२ चे ट्रेनिंग मुख्य वारापुरते मर्यादित ठेवावे, बँकेत साठवलेले कापड, कातडी आणि धातू विकायला काढावेत, आणि आपल्याहून दोन-तीन लेव्हल्स खालचे शत्रू असलेल्या प्रदेशात फिरावे, जिथे मरण्याची शक्यता कमी आणि गोळा करण्याजोगा माल भरपूर असतो. २० गोल्ड जमले म्हणून रायडिंगचे ट्रेनिंग आधी उरकू नये. माउंट हातात नसताना त्या ट्रेनिंगचा काहीही उपयोग नसतो, आणि तेच गोल्ड हाताशी असले तर मधल्या काळात एखादी आवश्यक रँक घेता येते. दोन्हींची रक्कम पूर्ण झाली की एकाच फेरीत ट्रेनिंग आणि माउंट घ्यावे. त्यानंतर ढकललेल्या खर्चाची यादी काढून ट्रेनरकडे जावे: ज्या स्पेलची उणीव मागच्या दोन लेव्हल्समध्ये प्रत्यक्ष जाणवली तो आधी, डन्जनसाठी लागणारे त्यानंतर, आणि उरलेल्या रँक्स लेव्हल ६० साठी सोडाव्यात, कारण तिथे पोहोचल्यावर क्वेस्टच्या अनुभवाच्या बदल्यात गोल्ड मिळू लागते.